बहात्तर साल आणि पार्श्वभूमीचा परिच्छेद

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांतून सरत्या वर्षाचे आढावे येऊ लागतात. राजकारण, क्रीडा, चित्रपट, 'यांना आपण गमावले' असे रकाने ठरलेले असतात. साहित्याच्या वाट्याला आलीच तर एखादी अरुंद पट्टी येते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक मुलुंडच्या महाविद्यालयात, दुसरी बोरिवलीच्या. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 मध्ये सुरू झाल्यापासून आम्हांला अंधेरीला भेटणे सोपे झाले आहे, आणि या लेखातला बराचसा वाद त्या भेटींतच झालेला आहे. तो पुरता मिटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वादाचे निमित्त साधे होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही दोन्ही महाविद्यालयांत एकच काम दिले: भारत, 1972, या एका वर्षात काय काय घडले ते लिहून आणा. वर्ष आम्ही मुद्दाम निवडले. आधुनिक मराठी साहित्याचा इतिहास शिकवताना या सालाशी थांबावेच लागते आणि आम्हां दोघांचा जन्म त्यानंतर आठ-दहा वर्षांनी झालेला असल्याने 'आमच्या वेळी' असे म्हणण्याची सोय आम्हांलाही नव्हती.

पहिली यादी भ्रमणध्वनीच्या कृपेने अर्ध्या तासात आली. मणिपूर, मेघालय आणि त्रिपुरा यांना राज्याचा दर्जा, इंडिया गेटवर अमर जवान ज्योती, 2 जुलैचा सिमला करार, स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव, म्युनिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक, वन्यजीव संरक्षण कायदा, 2 ऑक्टोबरला सुरू झालेले मुंबई दूरदर्शन. वर्ग मराठीचा म्हणून खाली जोड: 'गोलपिठा', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल', दलित पँथरची स्थापना. चित्रपटांत 'पाकिजा' आणि 'पिंजरा'. दुष्काळ बहुतेक याद्यांत होता, पण अगदी तळाशी, एका ओळीत. आम्ही कारण विचारले तेव्हा एका विद्यार्थ्याने दिलेले उत्तर आम्हांला निरुत्तर करणारे होते. तो म्हणाला, "सर, बाकी सगळ्याला तारीख आहे. दुष्काळाला तारीख कुठली टाकायची?"

आम्हांस वाटते, आपल्या वाङ्मयेतिहासाची अडचणही हीच आहे. ज्याला तारीख असते, म्हणजे प्रकाशनाची, पहिल्या प्रयोगाची, सभेची, ते 'घडले' असे आपण मानतो. उरलेले सारे एका परिच्छेदात कोंबले जाते आणि त्याला 'पार्श्वभूमी' असे नाव दिले जाते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला तो परिच्छेद पाठ आहे: 'साठोत्तरी काळात दुष्काळ, महागाई, बेकारी व दलितांवरील अत्याचार या पार्श्वभूमीवर...' पुढे स्वल्पविराम आणि मग कवीचे नाव. विद्यार्थ्याला त्याचे दोन गुण मिळतात. परीक्षकही तो वाचत नाही, नजरेने ओलांडतो. पार्श्वभूमी हा शब्द मुळात रंगभूमीचा वाटतो, मागे टांगलेला रंगवलेला पडदा. नट पुढे, पडदा मागे. लाखो माणसे खडी फोडत असतात आणि ती पडद्यावर रंगवलेली असतात.

म्हणून आम्ही दुसरी यादी मागितली. घरी विचारा. आजी, आजोबा, शेजारचे कोणी वृद्ध, इमारतीतले रखवालदार. 1972 मध्ये काय घडले?

येथे आमचा अंदाज साफ चुकला. आम्हांला वाटले होते की साल सांगितल्यावर माणसे गोंधळतील. त्यांना लग्नाचे, मुलाच्या जन्माचे, घर घेतल्याचे साल आठवेल, 1972 हा आकडा त्यांच्या लेखी निर्जीव असेल. झाले उलटेच. घाटकोपरच्या असल्फा भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला आपले जन्मसाल ठाऊक नाही, लग्नाचे साल ठाऊक नाही; शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. पण 'बहात्तर' म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "बहात्तरचा दुस्काळ. आमी खडी फोडाया हुतो." ती माण तालुक्यातली. तिच्या मोजणीत काळाचे दोनच भाग आहेत, दुष्काळाच्या आधी आणि दुष्काळानंतर. थोरला मुलगा 'दुष्काळाच्या वर्साचा' आणि धाकटी 'त्यानंतर दोन पावसाळ्यांनी'. महाराष्ट्राच्या देशावर, मराठवाड्यात असे बोलणारी हजारो माणसे आहेत. ज्यांनी कालनिर्णय कधी वाचले नाही त्यांच्या तोंडी इसवी सनाचा हा एकच आकडा घट्ट बसलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाच्या तोंडीही हाच आकडा आहे, पण त्याचे 1972 वेगळे. ही दोन बहात्तर साले एकाच वर्गखोलीत, एकाच मुलीच्या वहीत समोरासमोर आली आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

तेव्हा दुष्काळाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पाऊस एकाच वर्षी गेला असे नव्हते. अनेक जिल्ह्यांत आधीची एक-दोन वर्षेही कोरडी गेली होती आणि 1972 चा पावसाळा फसल्यावर सारे कोसळले. शासनाने दुष्काळी कामे काढली: रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि सर्वांत अधिक आठवणीत राहिलेली खडी. कामांवरच्या मजुरांची संख्या वाढत वाढत मे 1973 मध्ये 50 लाखांच्या आसपास गेली. एका राज्यात, एका वेळी, 50 लाख माणसे हातोडा आणि घमेले घेऊन उन्हात बसलेली आहेत. त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. कामावर सुकडी मिळे. शिधावाटपाच्या दुकानात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळे, जिची भाकरी धड थापली जात नसे, असे आमच्या विद्यार्थ्यांना सांगणाऱ्या वृद्धांपैकी जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. चव विसरली नाही, असेही.

याच धडपडीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधी करून पाहिलेली ही कल्पना दुष्काळाने राज्यभर नेली. पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या मुळाशीही महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. योजनेला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. तो आजही आमच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये असा कापला जातो. पगारपत्रकावरच्या त्या रकान्याचा आणि खडी फोडणाऱ्या आजीचा संबंध आम्हांला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हता, ही कबुली येथेच दिलेली बरी. ज्या वस्तूला आपण पार्श्वभूमी म्हणून शिकवत होतो ती दर महिन्याला आमच्या पगारपत्रकात छापून येत होती.

मुंबईत दुष्काळ रांगेच्या रूपाने आला. गावाकडे धान्य पिकले नाही म्हणजे शहरात ते महागले, रॉकेल आणि तेल दिसेनासे झाले. 1972 मध्येच महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर अशा परस्परविरोधी पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि थाळ्या वाजवत, लाटणी उगारत रस्त्यावर उतरल्या. मृणालताईंचे गोरेगाव तर आमच्या बोरिवली-अंधेरीच्या मधलेच. पाण्यासाठी केलेल्या लढ्यांमुळे त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत, आणि त्याच 1972 मध्ये त्या विधानसभेवर निवडून गेल्या. बोरिवलीच्या एका विद्यार्थ्याच्या आजीने सांगितले की मोर्चाला जाताना तिने घरातले चांगले लाटणे मागे ठेवून चिरलेले नेले होते. पोलिसांनी काढून घेतले तर नुकसान नको. असा तपशील आम्ही एखाद्या कथेत वाचला असता तर लेखिकेच्या निरीक्षणशक्तीबद्दल अर्धा तास बोललो असतो.

आता साहित्याकडे. 'गोलपिठा' याच वर्षी आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. मेच्या अखेरीस नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली होती आणि इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलित वस्तीवर बहिष्कार पडला होता. 15 ऑगस्टला 'साधना'चा विशेषांक निघाला. त्यातील राजा ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईत एकदम काळोख केला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायदा काय शिक्षा सांगतो आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला काय, या दोन गोष्टी ढाल्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. गदारोळ झाला तो मात्र त्या तुलनेच्या भाषेवर. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही आक्षेप घेतला. वर्गात आपण अजूनही तो गदारोळच शिकवतो. ब्राह्मणगाव कोणत्या जिल्ह्यात, हे विचारले तर शिकवणारेही अडखळतील. आम्ही अडखळलो होतो.

ढसाळांच्या किंवा ढाल्यांच्या बाबतीत 'पार्श्वभूमी' हा शब्द वापरणे आम्हांस सर्वाधिक गैर वाटते. तेथे पुढचे आणि मागचे असे काही उरलेलेच नाही. लेख ही स्वतःच वर्षातील एक घटना होती, तिच्यावरून मोर्चे निघाले. आणि बावड्याची घटना लेखांच्या, भाषणांच्या भाषेत शिरली होती. परीक्षेसाठी आपण ती पुन्हा सोडवून वेगळी करतो.

नाटकांविषयी मात्र आमचे मत एक नाही. मार्च 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर' आले आणि परीक्षण मंडळाने ते अडवले. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, जिंकले, आणि पुढे 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात ती हकीकत त्यांनी लिहिली. डिसेंबरच्या 16 तारखेला पुण्यात जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला आणि वर्ष नव्या वादात संपले. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, लाखो लोक खडीवर बसलेले असताना महाराष्ट्राचा सुशिक्षित वर्ग नाना फडणविसांच्या अब्रूची आणि लक्ष्मी-चंपाच्या संसाराच्या सभ्यतेची चिंता करीत होता, हे त्या वर्षाचे खरे चित्र आहे. दुसरीला ही तुलना स्वस्त वाटते. दुष्काळ आहे म्हणून नाटकाने गप्प बसावे असे म्हटले तर मग सुकाळातही ते बोलेनासे होईल. आणि घरातल्या बाईला पुरुष काय किमतीला ठेवतो हा 'बाइंडर'चा प्रश्न खडीवरच्या बाईला परका नव्हता. (जाता जाता: त्याच वर्षी निळू फुले रंगभूमीवर सखाराम होते आणि पडद्यावर 'पिंजरा'त होते. वर्षाच्या कोणत्याही आढाव्यात हे दोन्ही एकत्र येत नाही, कारण नाटकाचा रकाना वेगळा आणि चित्रपटाचा वेगळा.) अंधेरी स्थानकाच्या पुलावर उभे राहून आम्ही यावर दोनदा गाड्या सोडल्या आहेत.

दुष्काळावर त्या वर्षी मराठीत लिहिले गेलेच नाही असे आमचे म्हणणे नाही. वृत्तपत्रांनी लिहिले, कवितांत तो आला, ग्रामीण कथेत पुढे वारंवार आला. पण ज्या आकाराची ती घटना होती त्या आकाराची, विद्यार्थ्याला हातात देऊन 'हे बहात्तर साल' असे म्हणता येईल अशी एक कलाकृती आम्हांला तासाला नेता येत नाही, आणि ही उणीव आपण पार्श्वभूमीच्या परिच्छेदाने झाकतो. विशेष म्हणजे 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला मिळाला होता. वारली वेठबिगारांच्या लढ्याची ती हकीकत; कादंबरी नव्हे, कविता नव्हे, एका कार्यकर्तीने लिहिलेले अनुभवकथन. म्हणजे त्या वर्षी राबणाऱ्या माणसाचे पुस्तक मराठीत होते, गौरवलेही गेले होते. आपल्या पाठ्यक्रमाच्या वाटेवर ते फारसे आले नाही, एवढेच.

यादीत आणखी एक भर विद्यार्थ्यांनी घातली, आणि तिने आमची वर्षाविषयीची कल्पनाच बदलली. 1972 मध्ये घडलेल्या पण 1972 ने न पाहिलेल्या गोष्टी. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर, 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले जवान. त्यांनी ऑगस्ट 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. 2024 मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या वर्गाला नाव कळले. 2025 च्या जानेवारीत अर्जुन पुरस्कार. म्युनिकचे कांस्य सर्व याद्यांत आणि हायडेलबर्गचे सुवर्ण एकाही नाही.

दुसरी भर हलकी आहे, पण आम्हांला फार आवडली. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि कवी होते. घाटकोपर पूर्व 'मुंबई 77' होते ते 400077 झाले. देशभर एकाच सहा आकडी पद्धतीत पत्ते बसवण्याचे हे काम एका संस्कृत कवीने केले, आणि त्याच दिवशी 'साधना'त ढाले विचारीत होते की या देशात दलित वस्तीचा पत्ता कोणता. (हे शब्द आमचे, ढाल्यांचे नव्हेत.)

तिसरी भर जड आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी, मजुरी करणाऱ्या अल्पवयीन मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि तेथून देशभर स्त्रियांची चळवळ उसळली. 1983 मध्ये कायदा बदलला. 'मथुरा प्रकरण' या नावाने ते ओळखले जाते. आता हे कोणत्या वर्षाच्या यादीत लिहायचे? आमच्यापैकी एक म्हणतो, 1979. कारण सार्वजनिक अर्थाने घटना तेव्हा घडली, तोवर ती एका ठाण्याची आणि एका दफ्तराची गोष्ट होती. दुसरी म्हणते, 1972; आपण जेव्हा ऐकले त्या दिवशी ती घडली असे मानण्याचा आपल्याला अधिकार नाही. या मुद्द्यावर विद्यार्थिनी एका बाजूला आणि बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या बाजूला गेले. एकीने विचारले की खुले पत्र लिहिणारे चौघेही अध्यापक होते ना. मग आपले अध्यापक पत्रे लिहितात का? आम्ही तास संपल्याची घंटा कधी नव्हे ती आनंदाने ऐकली.

या साऱ्या खटाटोपातून आम्ही वर्षअखेरच्या परीक्षेसाठी एक प्रश्न तयार केला: '1972 मधील अशी एक घटना निवडा जी तुमच्या अभ्यासक्रमातील कोणत्याही साहित्यकृतीत आलेली नाही, ती का आली नसावी याची चर्चा अभ्यासलेल्या एका साहित्यकृतीच्या आधारे करा.' पंधरा गुण. ज्यांच्याकडे तो मंजुरीसाठी गेला त्यांनी तो 'अभ्यासक्रमाबाहेरचा' असा शेरा मारून परत पाठवला आणि त्याऐवजी नेहमीचा सुचवला. तो वाचकांना ठाऊकच आहे. त्यात 'पार्श्वभूमी' हा शब्द आहे. आम्हांला राग आला, पण शेऱ्यात तथ्य नाही असे छातीठोक म्हणता येईना. अभ्यासक्रम म्हणजे आत आलेल्या गोष्टींची यादी. जे बाहेर राहिले त्यावर प्रश्न विचारायचा तर तपासायचे कशावरून, आदर्श उत्तर कोणते, पुनर्मूल्यांकनाला काय सांगायचे? प्राध्यापक मंडळींना हे प्रश्न खरेच पडतात आणि ते क्षुल्लक नाहीत.

तरीही यंदा आम्ही तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे. शब्द थोडे बदलले, गुण पंधरांचे दहा केले, आणि असल्फ्याच्या आजीची मुलाखत नातीने जशी उतरवून घेतली तशी, तिच्याच बोलीत, दीड पानांची, 'उतारा' म्हणून सोबत जोडली. उतारा दिला म्हणजे प्रश्न अभ्यासक्रमाच्या आत येतो, असा आमचा कयास आहे. मुलाखतीत आजीने खडीच्या ढिगाचे माप, मुकादमाची लबाडी, आठवड्याचा पगार आणि मिलोची भाकरी हे सर्व सांगितले आहे. शेवटी नातीने विचारले आहे की तेव्हा मुंबईत नाटकावरून कोर्टकचेरी चालली होती, ते तुला ठाऊक होते का? आजी म्हणते, "न्हाई. तवा आमच्याकडं तमाशाबी आला न्हवता त्या साली."